गेनू येळवंडे यांचे पाय हलल्याबाबत

नाव अर्जुन सोपान मोटे, वय ५७ वर्षे, धंदा प्रेस शॉप, म्हणजे गाड्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग काढणे, शिक्षण नववी, राहणार प्राधिकरण, निगडी, मूळ गाव तालुका भूम, जिल्हा धाराशिव.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगतो की, हॉस्पिटलच्या तक्रारीत ऑपरेशन थिएटरच्या दाराच्या नुकसानीचा आकडा अठरा हजार रुपये लिहिला आहे, तो मला दाखवण्यात आला. मी त्या दाराजवळच उभा होतो. फुटली ती वरच्या चौकटीतली हातभर उंच काच, चार एमएमची, साधी. रबराची पट्टी आणि बसवणाऱ्याची मजुरी धरून सातशेच्या वर जात नाही. पाहिजे तर माझा माणूस उद्या सकाळी बसवून देईल. दार शाबूत आहे. काच फोडणाऱ्याच्या हाताला टाके पडले, ते त्याच हॉस्पिटलने घातले आणि बिल लावले नाही, म्हणून ते मी धरत नाही. काच फोडणारा वेगळा, पण माझ्या शॉपमधील मेंटेनन्सचा माणूस ज्योतीराम ढवळे आपल्या ठाण्यातील बाकावर बसून आहे. ऑपरेशन थिएटरचा मेन स्विच पाडून पेशंटचा जीव धोक्यात घातला, असा गुन्हा त्याच्यावर दाखल होणार असे समजते. त्याबाबत मी जे पाहिले आणि ऐकले ते सांगतो.

माझे शॉप चाकणजवळ निघोजे येथे आहे. मी या पट्ट्यात हेल्पर म्हणून आलो आणि दुसऱ्याच्या प्रेसवर काम करत स्वतःचा पहिला प्रेस घेतला. प्रेसच्या दणक्यात आयुष्य गेले तरी कान चांगले आहेत. ऑफिसात बसून कोणत्या मशीनचे बेअरिंग बोलायला लागले ते मी सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर निघते.

ज्योतीराम हा माझ्याकडे बरीच वर्षे आहे. तो मूळचा लातूरकडचा. शॉपमध्ये कोणाला करंट लागला तर काय करायचे याची तालीम मी दर महिन्याला घेतो. एक जण जमिनीवर पडून हातपाय उडवतो, बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नाही, ज्योतीरामने ओरडायचे, "करंट! कोणी हात लावू नका," आणि धावत जाऊन मेन पाडायचा. एका मोठ्या कंपनीचे ऑडिटर हे बघायला आले होते. ते म्हणाले, असा माणूस आमच्या प्लांटमध्येही नाही. तेव्हापासून ज्योतीरामला डोळे बांधून सोडला तरी त्याचा हात मेनवरच पडणार, हे मी चाकणमध्ये ज्याला त्याला सांगत आलो आहे.

आज पहिल्या शिफ्टला, सकाळी आठच्या सुमारास, गेनूभाऊ येळवंडे हे डायला, म्हणजे प्रेसच्या साच्याला, ग्राइंडर मारत होते. गेनूभाऊ निघोज्याचेच, वय बावन्न, घरची शेती आहे आणि माझ्याकडे टूलरूमला आहेत. त्यांनी सेफ्टीचा चष्मा लावला होता. घाम पुसायला कपाळावर सरकवला त्याच वेळी चाकाचा कपचा उडून उजव्या डोळ्यात गेला. मी आणि ज्योतीरामने त्यांना माझ्या गाडीतून प्राधिकरणातील डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेले. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यावर वाटीसारखे कवच बसवले आणि बुबुळ फाटले आहे, आजच शिवावे लागेल, पूर्ण भूल देऊन, असे सांगितले. गेनूभाऊंनी कामावर येताना भाकरी खाल्ली होती, म्हणून पोट रिकामे होईपर्यंत थांबायचे ठरले.

दरम्यान त्यांची पत्नी अंबूबाई आणि पुतणे दादासाहेब येळवंडे आले. दादासाहेब कंपन्यांना लेबर पुरवतात. त्यांच्याबरोबर दोन गाड्या भरून माणसे होती, त्यात वाकडचे पाहुणेही होते. त्यांतले निम्मे वेटिंग हॉलमध्ये टीव्हीपुढे बसले.

भूल देणाऱ्या डॉक्टर आम्रपाली गजभिये मॅडम यांनी दुपारी आम्हाला पॅसेजमध्ये बोलावले. त्या वेळी मी, अंबूबाई आणि दादासाहेब असे तिघे होतो. ज्योतीराम नव्हता. डॉक्टरांनी ऑपरेशननंतरसाठी लिहून दिलेले एक इंजेक्शन हॉस्पिटलच्या दुकानात नसल्याने मी त्याला बाहेर आणायला पाठवले होते.

मॅडम म्हणाल्या, "डोळा फाटलाय, पण आतलं अजून आत आहे. आता ते खोकले, कुंथले किंवा अंगाला हिसका बसला, तर डोळ्यातला दाब वाढेल आणि आतलं बाहेर येईल. मग शिवून उपयोग नाही. म्हणून झोपवताना त्यांनी हलायला नको, ही माझी पहिली काळजी आहे."

दादासाहेब म्हणाले, "झोपलेला माणूस कशाला हलंल?"

"झोप लागता लागता हलतो. त्यांना मागे हार्ट अटॅक येऊन गेलाय ना? भुलीचं नेहमीचं औषध त्यांच्या हृदयाला जड जाईल. दुसरं एक आहे, ते हृदयाला सोसतं. पण ते शिरेत गेलं की हातपाय आपोआप उडतात. माणसाला काही कळत नाही, दुखत नाही, नुसते उडतात. एरवी मी फारसं मनावर घेत नाही. आज घेणार आहे."

"मग वो?" अंबूबाई म्हणाल्या.

"आधी त्याच औषधाचा अगदी थोडा डोस देणार. तेवढ्याने झोप लागत नाही, पण अंगाला त्याची ओळख होते. मग थोडं थांबायचं, आणि मग पूर्ण डोस. असं केलं की उडणं बहुतेक बंद होतं. त्याच्या मागोमाग अंग सैल पाडायचं औषध. तुम्हाला बाहेर वाटेल, आत काहीच चाललेलं नाही. पण त्या थांबण्यावरच सगळं आहे."

मी म्हणालो, "मॅडम, आमची मोठी मोटर एकदम चालू केली की पाया हादरतो. म्हणून आम्ही आधी थोड्या करंटवर फिरवून घेतो, मग पूर्ण देतो. तसंच ना?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "तसंच. फक्त तुमची मोटर हादरली तर तुम्ही बंद करून पुन्हा चालू कराल. मला एकदाच मिळतं."



त्या पुढे असेही म्हणाल्या, "एवढं करूनही पायाची बोटं, घोटे थोडे हलतील कदाचित. तेवढं चालेल. मान आणि चेहरा हलता कामा नये. तेव्हा पाय हलले म्हणून कोणी घाबरू नका." हे वाक्य मी नीट ऐकले आहे. गेनूभाऊंचे पाय हलले याबद्दल आता जी तक्रार आहे, त्याबद्दल मॅडमनी आधीच सांगून ठेवले होते.

अंबूबाईंनी पदराच्या गाठीत खंडोबाचा भंडारा आणला होता. तो कपाळाला लावायचा त्यांचा आग्रह होता. मॅडम म्हणाल्या, "मावशी, कपाळाला नको. नाकात गेला तर शिंक येईल. शिंक आली की डोळा गेला."

"देवाचा हाय वो. लावल्याबिगर आत कसं पाठवू?"

"मग पायाला लावा. दोन्ही पायांना, पाहिजे तेवढा. मी थांबते."

अंबूबाईंनी गेनूभाऊंच्या दोन्ही पायांना घोट्यापर्यंत भंडारा चोळला. स्ट्रेचर आत जाताना चादरीखालून पिवळे पाय बाहेर दिसत होते. गेनूभाऊ बायकोला म्हणाले, "अगं, लग्नाला निघालोय का म्या?" त्या म्हणाल्या, "गप पडा. हासू नका. हासलं की डोळा जाईल."

सांगितलेली वेळ होऊन गेली तरी आतून काही कळत नव्हते. दादासाहेबांनी नर्सकडे निरोप दिला की, पाहुणे वाकडवरून येऊन खोळंबले आहेत, मॅडमना म्हणावं जरा उरका. नर्स परत येऊन म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, पाहुण्यांना चहा द्या." दादासाहेबांना ते आवडले नाही.

मी थिएटरच्या दाराला लागून उभा राहिलो. दाराच्या काचेवर आतून कागद चिकटवलेला होता, त्यामुळे दिसत काही नव्हते. ऐकू येत होते. पेशंटच्या बोटाला लावलेल्या मशीनचा टिक टिक आवाज एका पट्टीत चालू होता. मॅडमचा आवाज आला, "थोडं दिलंय. आता कोणी काही करू नका. ट्रे वाजवू नका." नंतर फक्त टिकटिक.

दादासाहेब म्हणाले, "शेठ, झोपली का काय आतली मानसं?"

मी म्हणालो, "थांबायचं म्हणाल्या होत्या. थांबल्यात."

"लय थांबत्यात राव. आमी बी दुनिया बघितलीय. असं कुटं असतं व्हय, औशीद द्यायचं आन् बघत बसायचं?"

"दादासाहेब, तुम्ही नवीन लेबर पहिल्या दिवशी मोठ्या प्रेसवर उभा करता का?"

"करतो की."

"म्हणून तुमचं लेबर मी घेत नाही."

यावर अंबूबाई आम्हा दोघांना म्हणाल्या, "जरा तोंड मिटा. तिनं गप बसाया सांगितलंय ना."

मॅडमचा आवाज पुन्हा आला, "आता पूर्ण देते. मान धरा." त्याच सुमारास ज्योतीराम इंजेक्शनची पिशवी घेऊन जिन्याने वर आला. त्याने आम्हाला काही विचारले नाही. आत लगेच लागेल या समजुतीने त्याने सरळ दारावर टकटक केली. नर्सने पिशवी घेण्यापुरते दार उघडले. त्या फटीतून ज्योतीरामला टेबल दिसले. मला दिसले नाही, मी दाराच्या मागच्या बाजूला होतो. नंतर त्याने मला सांगितले ते असे, "मालक, डोकं हिरव्या कापडाआड होतं. छातीपासून वायरी निघाल्या होत्या मशीनकडं. अन् दोन्ही पिवळे पाय घोट्यातून उडायलेत. आत कोणीच पायाला हात लावंना. म्या म्हणलं, लागला."

ज्योतीराम ओरडला, "करंट! कोणी हात लावू नका!" आणि पॅसेजच्या टोकाला भिंतीवर लाल बोर्ड आहे तिकडे धावला. तालमीत तो जसे करतो अगदी तसेच केले. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. मी त्याला हाक मारेपर्यंत त्याने बोर्डाचे झाकण उघडून मेन पाडला होता. खटक्याचा आवाज मी ऐकला. पॅसेजला मोठी खिडकी आहे आणि दिवसा तिथे दिवे लावत नाहीत, त्यामुळे अंधार झाला नाही. वेटिंगमधला टीव्ही बंद पडला. पाण्याच्या कूलरची घरघर थांबली. वाकडचे पाहुणे उठून उभे राहिले.

करंट हा शब्द ऐकून दादासाहेब "माझ्या चुलत्याला शॉक दिला" असे म्हणाले आणि त्यांनी दाराच्या काचेवर बुक्की मारली. काच आत पडली. कागद फाटून लोंबत राहिला.

यापुढचे मी महत्त्वाचे समजतो म्हणून सावकाश सांगतो. काच पडल्यावर आतला आवाज जास्त स्पष्ट आला. टिकटिक बंद पडली नव्हती. आधी होती त्याच पट्टीत, त्याच चालीने चालू होती. मेन पडल्यावर ती थांबायला पाहिजे होती. मी समजलो की आत बॅटरी असेल. मॅडमच्या आवाजात फरक नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, "काच फुटली. मान सोडू नका. सैल करायचं द्या." नंतर नर्सने विचारले, "मॅडम, बाहेर लोक?" त्या म्हणाल्या, "बाहेरचे बाहेर आहेत."

मी दादासाहेबांना मागे ओढले. त्यांच्या हातातून रक्त येत होते. अंबूबाईंनी पदर फाडून त्यांच्या हाताला बांधला आणि त्यांना म्हणाल्या, "पाय हालत्यात म्हनून बाईनं आदीच सांगितलं हुतं. तू हुतास की तितं. काय ऐकलंस मग?"

दादासाहेब म्हणाले, "काकी, त्यो माणूस करंट म्हनला."

"त्यो नव्हता तवा. तू हुतास."

मग त्या ज्योतीरामकडे वळल्या. तो बोर्डापाशी हात लांब धरून उभा होता, म्हणजे कोणी येऊन खटका परत वर करू नये म्हणून. तेही तालमीतलेच आहे. त्याला त्या म्हणाल्या, "बाबा, पायाला भंडारा म्याच लावलाय. पाय हालंनात का. ये इकडं, बस." तो येऊन त्यांच्याजवळ खाली बसला. त्याने पाणी मागितले. कूलर बंद असल्याने ते मला खालून आणावे लागले.

संध्याकाळी डोळ्यांचे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सांगितले की कपचा निघाला, डोळा शिवला, आतले आतच राहिले. नजर किती येईल ते पट्टी काढल्यावर बघू, पण डोळा वाचला. अंबूबाईंनी विचारले, "मान हालली का वो?" ते म्हणाले, "नाही. मी बाजूलाच उभा होतो. पायच हलले थोडे."

मॅडम नंतर आल्या. त्यांनी विचारले, "ओरडलं कोण?" ज्योतीराम उभा राहिला.

"तुम्ही काय बघितलंत?"

"पाय उडताना, मॅडम. अन् वायरी."

"आणि काय वाटलं?"

"करंट लागला. हात लावायचा नसतो. मेन पाडायचा असतो."

मॅडमनी त्याला बसायला सांगितले. म्हणाल्या, "मी आत भूल देत असताना तुम्ही मेन पाडलात, त्याला मी बरं म्हणू शकत नाही. पण खरंच शॉक असता, तर तो माणूस तुमच्यामुळे वाचला असता." एवढे बोलून त्या पेशंटकडे गेल्या. त्यांनी तक्रार केलेली नाही. तक्रार हॉस्पिटलच्या मॅनेजरने केली, आणि ती करताना ते त्या मजल्यावर नव्हते.

पोलीस आल्यावर मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितले की, हा माणूस डोक्याने कमी आहे असे तुम्ही लिहून द्या, आम्ही तक्रार मागे घेतो. मी त्यांना म्हणालो, "साहेब, माझी सगळी माणसं ज्याच्या भरवशावर प्रेसखाली हात घालतात, तो डोक्याने कमी आहे असं मी लिहून दिलं तर उद्या शॉप कोण उघडेल?"

पार्किंगमध्ये दादासाहेबही मला भेटले. हाताला पट्टी होती. ते म्हणाले, "शेठ, तुमी फक्त एवढंच म्हना, डॉक्टरीनबाईनं कायतरी चुकीचं दिलं, तवा मानूस उडाला. डोळ्याचं समदं तिच्यावर जाईल. तुमच्या ग्राइंडरचं कुनी इचारनार बी न्हाई." मी म्हणालो, "दादासाहेब, ग्राइंडरचं मी भरणार आहे, ते मी काकींना सांगितलंय. आणि मी काय बघितलेलं नाही. मी दाराशी ऐकत होतो. जे ऐकलं ते सांगतो." ते म्हणाले, "लय साधे तुमी." मला साधा कोणी फारसे म्हणत नाही, म्हणून लक्षात राहिले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, डॉ. आम्रपाली मॅडमनी जे करायचे सांगितले होते तेच केले. पाय हलतील हे त्यांनी आधी सांगितले होते, आणि मान हलू द्यायची नाही हेही. ती हलली नाही. ज्योतीरामला यातले काही ठाऊक नव्हते, कारण त्या वेळी तो मी सांगितलेले काम करत होता. त्याला हॉस्पिटलवर राग नव्हता, कोणाशी भांडण नव्हते, दारू तो घेत नाही. त्याला वाटले आपल्याबरोबर काम करणारा माणूस मरतोय, आणि त्याला जे येते ते त्याने केले. मेन पाडल्याने आतल्या टिकटिकीत खंड पडला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. का पडला नाही ते मला नक्की सांगता येत नाही. आपण बोर्ड उघडून बघावा अशी विनंती केल्यावरून हवालदार साहेब हॉस्पिटलच्या वायरमनला घेऊन तिकडे गेले.

वरील जबाब लिहून झाल्यावर मला मराठीत वाचून दाखवला. मी तो पूर्ण ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. वाचून होत असतानाच हवालदार साहेब परत आले, म्हणून माझ्या सांगण्यावरून शेवटी एक दुरुस्ती घातली आहे. थिएटरचा मेन खालच्या मजल्यावर वेगळ्या खोलीत कुलपात असून त्याला आज कोणीही हात लावलेला नाही. ज्योतीरामने जो पाडला, तो वेटिंगमधल्या टीव्हीचा आणि पाण्याच्या कूलरचा खटका होता.